वडिलांचा आजार आणि घरची माणसे

काही रोगांची नावे माणसे मोठ्याने घेत नाहीत. पूर्वी क्षयाचे असे होते. कर्करोगाचे आजही तसेच आहे. "त्याला तो रोग झालाय म्हणे," एवढे बोलायचे आणि मान हलवायची. जणू नाव घेतले तर रोग आपल्या दारी येईल!

हा रोग असा येत नाही. रोग्याच्या ताटात जेवल्याने होत नाही. शेजारी झोपल्याने होत नाही. त्याचे कपडे धुतल्याने होत नाही. हे आधी सांगतो, कारण पुष्कळ घरांत रोग्याचा तांब्या वेगळा काढतात. पोरांना जवळ जाऊ देत नाहीत. रोगाने माणूस निम्मा होतो, आणि त्या वेगळ्या तांब्याने उरलेला निम्मा खचतो.

आम्ही डॉक्टर नाही. जन्मभर शाळेत शिकवले. पण आमच्या गावातल्या एका घराचे हे सगळे दिवस आम्ही जवळून पाहिले. अर्ज लिहायला, कागद समजून घ्यायला ती माणसे आमच्याकडे येत. त्या घरच्या कर्त्या पुरुषाला घरात दादा म्हणतात. त्यांच्या बायकोला आई म्हणतात. आपणही तसेच म्हणू. नाव-गाव कशाला हवे?

दादांचे वय साठीच्या आसपास. पाच एकर कोरडवाहू रान. दोन मुलगे. थोरला शेती बघतो. धाकटा मुंबईला गोदामात कामाला आहे. घरी थोरली सून आणि दोन नातवंडे. मुलगी जवळच्याच तालुक्यात दिलेली.

दादांच्या कमरेला चंची कायम. तंबाखू चुन्यात मळायची आणि डाव्या गालात धरायची. चाळीस वर्षे त्याच गालात. मग त्या गालाला आतून फोड आला. दादा म्हणाले, दात लागला असेल. पंधरा दिवसांनी म्हणाले, उष्णता झाली असेल. तूप लावले, ज्येष्ठमध चघळला. असे तीन महिने गेले. शेवटी तोंड उघडेना, भाकरीचा घास जाईना, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी तोंडात दिवा धरून पाहिले. औषध दिले नाही. मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहून दिली.

हा रोग म्हणजे काय?

आपले शरीर फार बारीक कणांचे बनले आहे. त्यांना पेशी म्हणतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. विळा लागून बोट कापले तर जखम भरून येते. ती या नव्या पेशींनी भरते. जखम भरली की वाढ थांबते.

कर्करोगात काही पेशी बिघडतात. थांबायचे केव्हा, हे त्यांना कळत नाही. त्या वाढतच राहतात. त्यांची गाठ होते, नाहीतर न भरणारी जखम होते. त्यांतल्या काही सुटून शरीरात दुसरीकडे जातात आणि तिथे घर करतात. तोंडाचा रोग बहुधा आधी मानेतल्या गाठींत उतरतो.

शेतकऱ्याला हे कळायला अवघड नाही. रानात हरळी कशी पसरते? एका कोपऱ्यात असते तोवर कुदळीने खणून काढता येते. तीच सगळ्या रानात गेली तर माणूस हात टेकतो. आणि वरून हरळी काढली, पण काडी जमिनीत राहिली, तर पहिल्या पावसाला पुन्हा फुटते. म्हणून डॉक्टर 'लवकर या' म्हणतात. आणि म्हणूनच पुष्कळदा नुसती गाठ कापून थांबत नाहीत. मागे राहिलेल्या बारीक काड्या मारायला किरणांचा उपचार देतात. काहींना शिरेतून औषधही देतात.

रोग कोणता हे नक्की करायला डॉक्टर आधी जखमेचा छोटा तुकडा काढतात आणि तो यंत्राखाली पाहतात. गावात एक समजूत आहे की, तुकडा काढला की रोग भडकतो. ही समजूत खोटी आहे. तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरतच नाही. बी कोणते हे न बघता कोण पेरणी करील?

सांगावे की लपवावे?

तुकड्याचा निकाल आला. मुलांनी ठरवले, दादांना सांगायचे नाही. साधी गाठ आहे म्हणायचे. पुष्कळ घरांत असेच करतात, आणि ते मायेपोटीच करतात.

पण लपून काय राहते? दवाखान्याच्या दारावर पाटी आहे. बाकावर शेजारी बसलेला माणूस विचारतो, "तुमचा कुठला? गालाचा का?" दादांना पहिल्याच दिवशी कळले. त्यांनीही मुलांना सांगितले नाही की मला कळले आहे. आठ दिवस बाप मुलांपासून लपवतो आहे आणि मुले बापापासून. रात्री दोघेही जागे.

शेवटी आईंनीच सांगितले. "कर्करोग आहे. डॉक्टर म्हणतात, आपरेशन करू, मग शेक देऊ. बरा होण्यासारखा आहे, पण पुरा उपचार घेतला पाहिजे." दादा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पेरणीच्या आत होईल का?"

आमच्या मते सांगणेच बरे. ज्याच्या अंगावर उपचार व्हायचा त्याला तो कशासाठी हे ठाऊक नसेल, तर दुखायला लागले की तो उठून घरी येईल. एकदम सगळे सांगू नये. विचारील तेवढे सांगावे, पण खोटे सांगू नये. पोरांनाही त्यांच्या वयाला समजेल असे सांगावे. नाहीतर पोरे मनात भलतेच धरतात.

दवाखाना, मुक्काम आणि पैसा

मुंबईला परळ येथे टाटा दवाखाना आहे. तो १९४१ साली सुरू झाला. १९६२ सालापासून तो केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. देशभरातून तिथे रोगी येतात. पण परळलाच गेले पाहिजे असे नाही. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचा कर्करोग दवाखाना आहे. छत्रपती संभाजीनगरला सरकारी आहे. बार्शीसारख्या गावीसुद्धा आहे. बार्शीला तर १९८७ सालापासून आसपासच्या खेड्यांतल्या कर्करोग्यांची गावोगाव नोंद ठेवतात. घराजवळ उपचार होत असेल तर तो मधेच तुटायची भीती कमी. दादांचा धाकटा मुंबईला होता, म्हणून ते मुंबईला गेले.

पण धाकट्याच्या खोलीत सहा जण राहात. तिथे आजारी माणूस कुठे ठेवायचा? दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आहे. कर्करोगाचे रोगी आणि त्यांच्या सोबतची माणसे तिथे थोड्या पैशांत राहतात. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आज दवाखान्याची वाट धरणाऱ्यांनाही त्या नावाचा आसरा आहे. अशा ठिकाणी दवाखान्याची चिठ्ठी लागते. जागा मिळायला थांबावेही लागते.

पैशाची गोष्ट सगळ्यांत आधी डोळ्यांपुढे उभी राहते. थोरल्याने दोन एकर विकायला काढलेही होते. बोली सुरू झाली होती. तेव्हा आम्ही म्हटले, बाबा रे, जमीन कुठे पळत नाही. आधी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन दवाखान्यात जा आणि आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचार.

आरोग्यमित्र म्हणजे काय? महाराष्ट्र सरकारची एक योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली. २०१७ सालापासून तिला महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. २०१८ साली केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना आली. या योजनांत कर्करोगाचे आपरेशन, किरणांचा उपचार आणि औषधे बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस नेमलेला असतो. कोणते कागद लागतात ते तो सांगतो. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून गावात ऐकलेल्यावर जाऊ नये. उपचार सुरू होण्याआधीच त्याला विचारावे. मागाहून गेले तर अडचण पडते. मोठ्या दवाखान्यात समाजसेवा विभागही असतो. औषधाला पैसे कमी पडले तर तिथे सांगावे. त्यात लाज कसली? रेल्वेच्या आणि एस.टी.च्या तिकिटातही कर्करोग्याला सवलत आहे. त्यासाठी दवाखान्याकडून दाखला घ्यावा लागतो.

जमीन विकली नाही. काही कर्ज झाले, ते अजून फिटते आहे. सोबतीच्या माणसाचे जेवणखाण, गाडीभाडे, बुडालेली मजुरी हा खर्च कुठल्याच योजनेत नसतो. तो धरूनच चालावे.

पाटीवरची अक्षरे

दादांच्या गालाचे आपरेशन झाले. मानेतल्या गाठीही काढल्या. छातीवरचे मांस घेऊन गालाला ठिगळ दिले. दहा-बारा दिवस बोलता येईना. नाकातून पोटात नळी घातली होती, तिच्यातून अन्न जाई.

बोलता येत नाही म्हणजे काय, हे ज्याने सोसले त्यालाच कळते. पाणी हवे, उशी हलवायची आहे, लघवीला जायचे आहे, सगळे हाताने दाखवायचे. समोरच्याला कळले नाही की राग येतो. तिसऱ्या दिवशी दादांनी रागाने हात झटकला. सलाईनची सुई निघून आली.

आई मुंबईला जाताना पाटी आणि पेन्सिल घेऊन गेल्या होत्या. आईंनी पन्नाशी उलटल्यावर प्रौढ वर्गात अक्षरे गिरवली. सराव सुटू नये म्हणून पाटी पिशवीत टाकली होती. ती त्यांनी दादांच्या हातात दिली. दादा चौथीपर्यंत शिकलेले. पुढे सहीखेरीज काही लिहिले नव्हते. थरथरत्या हाताने त्यांनी काहीतरी लिहिले. आईंनी अक्षर अक्षर लावून वाचले, 'तांबड्याला पेंड घाला.' तांबड्या म्हणजे त्यांचा बैल. आई हसल्या आणि डोळे पुसू लागल्या. लगेच गावी फोन लावला.

आम्हाला इथे एक सांगायचे आहे. आजारी बापाला घरच्या कामातून पार काढून टाकू नये. "तुम्ही कशाचाही विचार करू नका," असे आपण प्रेमाने म्हणतो. त्याला ऐकू येते, "तुमचे आता काही काम नाही." थोरल्याला आम्ही म्हटले, दादांना विचारून पेर. त्याला सगळे ठाऊक होते, तरी तो रोज संध्याकाळी फोन करून विचारी. तूर कुठल्या तुकड्यात, खत किती. दादा पाटीवर लिहीत आणि आई वाचून दाखवीत.

आईंनी एक वहीही ठेवली होती. तारीख घालायची. काय खाल्ले, किती वाटी, ताप किती, वजन किती, कुठली गोळी केव्हा दिली. अक्षर वेडेवाकडे होते, पण डॉक्टर आले की वही पुढे. सगळे कागद तारखेप्रमाणे एका फायलीत ठेवले होते. तुम्हाला आता वाचता येते. तेव्हा गोळीच्या पाकिटावरचे नाव आणि चिठ्ठीवरचे नाव ताडून पाहा. जुळले नाही तर विचारा.

तीस दिवस

जखम भरल्यावर किरणांचा उपचार सुरू झाला. गावाकडे याला कोणी 'शेक' म्हणतात, कोणी 'लाईट' म्हणतात. खरे तर यात चटका नसतो. रोगी फळीवर निजतो. डोके हलू नये म्हणून तोंडावर त्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा बसवतात. यंत्र भोवती फिरते. थोड्या मिनिटांत काम होते. त्या वेळी काही दुखत नाही. किरण अंगात साठूनही राहात नाहीत. बाहेर आल्यावर नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही.

दादांना तीस वेळा घ्यायचे होते. आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. शिवाय आठवड्यातून एकदा शिरेतून औषध. सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरांनी किडके दात काढून टाकले. हे महत्त्वाचे आहे. जबड्याला किरण दिल्यानंतर दात काढला तर जखम भरायला फार जड जाते. पुढेही कधी दात काढायची वेळ आली तर आधी आपल्या कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारावे.

आईंनी वहीत तीस चौकोन आखले. रोज परत आले की एक खोडायचा.

पहिले दोन आठवडे बरे गेले. दादा म्हणाले, "एवढंच होय!" तिसऱ्या आठवड्यात तोंड आले. आतून सगळे सोलपटल्यासारखे. थुंकी दोरीसारखी चिकट झाली. चव गेली. खीर दिली तरी माती लागे. गालाची कातडी काळी पडली. औषधाच्या दिवशी उलट्या होत. हे असे होते हे आधी ठाऊक असलेले बरे. नाहीतर माणसाला वाटते, रोग वाढला. रोग वाढलेला नसतो. किरण वाईट पेशींना मारतात, त्यात चांगल्यांनाही थोडा मार बसतो. चांगल्या पुढे भरून येतात.

या दिवसांत आईंनी जे केले ते लिहितो. नर्सबाईंनी शिकवले होते तसेच त्यांनी केले. एक लिटर पाणी उकळून गार करायचे. त्यात लहान चमचा मीठ आणि लहान चमचा खाण्याचा सोडा. त्याने दर दोन-तीन तासांनी गुळण्या. गालाच्या कातडीला साबण नाही, हळद नाही, बाम नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच लावायचे नाही. गळ्याभोवती मऊ सुती फडके. तिखट, आंबट, गरम बंद. मुगाचे पातळ वरण, गुरगुट्या भात, नाचणीची खीर, दूध, कुस्करलेले केळे, पातळ केलेले अंडे. एकदम ताटभर नाही. दोन दोन तासांनी वाटीभर. पाणी भरपूर, कारण शिरेतल्या त्या औषधाचा मूत्रपिंडांवर ताण पडतो.

एक समजूत इथे मोडली पाहिजे. कोणी सांगतात, कर्करोग्याला दूध-अंडे देऊ नका, रोगाला खाद्य मिळते. अहो, उपाशी ठेवल्याने रोग मरत नाही, रोगी मरतो. या दिवसांत नेहमीपेक्षा जास्त पौष्टिक अन्न लागते.

आणि ताप. शिरेतल्या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या आपल्या राखणदार. राखणदार कमी असताना साधा जंतूही जिवावर उठतो. म्हणून घरात तापमापक हवाच. ताप १००.४ अंशांवर गेला, थंडी वाजली, तर त्याच दिवशी, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. भेटायला येणाऱ्यांना सर्दी-खोकला असेल तर दारातूनच रामराम करावा. भेटीला गर्दी करू नये, हे आपल्या गावकऱ्यांना सांगणे अवघड आहे. पण सांगावे.

बावीस झाले, आठ उरले

पाचव्या आठवड्यात थोरला मुंबईला आला. त्याने बापाला ओळखलेच नाही. वजन सात किलो उतरलेले. पाण्याचा घोट घेताना डोळ्यांतून पाणी. रात्री झोप नाही. थोरला म्हणाला, "आई, बास झालं. यांचे हाल बघवत नाहीत. घरी घेऊन जाऊ." पाहुण्यांपैकी एकाने झाडपाल्याचे औषध देणारा शोधून ठेवला होता. तो म्हणे दाखला देतो, महिन्यात बरा करतो. दादांनीही पाटीवर लिहिले, 'घरी.'

वाचकहो, पुष्कळ घरे इथे तुटतात. सुरुवातीला सगळ्यांच्या अंगात बळ असते. शेवट जवळ आलेला असतो, पण दिसत नाही. त्रास तेवढा दिसतो.

आईंनी वही काढली. "बावीस खोडलेत. आठ राहिलेत. डाक्तरांना इचारू, मग ठरवू."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिघांना बसवून सांगितले. हा उपचार रोज थोडा थोडा देतात, तो एकावर एक साठत जावा म्हणून. मधे खंड पडला तर उरलेल्या वाईट पेशींना फुरसत मिळते. त्या पुन्हा वाढतात. मग पुन्हा येऊन राहिलेले आठ घेतले तरी तेवढा गुण येत नाही. जितका खंड मोठा तितका धोका मोठा. झाडपाल्यासाठी महिना घालवला तर एवढे सोसलेले वाया जाईल.

मग डॉक्टरांनी विचारले, "तुम्हाला घरी का जायचं आहे?" दादांनी लिहिले, 'गिळताना मरण येते.' डॉक्टर म्हणाले, "मग आपण त्याचं औषध करू. उपचार कशाला सोडायचा?"

गिळता येत नव्हते म्हणून नळी पुन्हा घातली. आपल्याकडे समजतात, नळी घातली म्हणजे माणूस संपला. तसे नाही. ही नळी थोड्या आठवड्यांची. अन्न पातळ करून गाळून घ्यायचे. रोग्याला टेकून बसवायचे, निजलेल्याला कधी द्यायचे नाही. आधी आणि नंतर उकळून गार केलेले पाणी नळीतून सोडायचे. अन्न दिल्यावर अर्धा तास तरी आडवे करायचे नाही. नाकाजवळ नळीवर खूण असते. ती सरकलेली दिसली तर काहीही घालायचे नाही, नर्सबाईंना दाखवायचे. सात्त्विक अन्न पोटात जाऊ लागले आणि वजन उतरायचे थांबले.

दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. थोरला घाबरला. "हे अफूचं असतंय. दादांना सवय लागंल." डॉक्टरांनी सांगितले, दुखण्यासाठी त्यांच्या सांगण्याप्रमाणे घेतल्यास अशी चटक सहसा लागत नाही. दुखणे कमी झाले की गोळी हळूहळू कमी करून बंद करता येते. गोळी घड्याळाप्रमाणे द्यायची, असह्य होईपर्यंत थांबायचे नाही. तिने पोट बांधून येते, त्याचे औषध बरोबर घ्यायचे. हे औषध रोग्यांना मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ साली कायद्यातही दुरुस्ती झाली. त्या रात्री दादा सहा तास झोपले.

थोरला चार दिवस तिथेच राहिला. आई त्या चार रात्री पहिल्यांदा पुरती झोप झोपल्या. सोबतीच्या माणसाकडे कोणाचे लक्ष नसते. आईंना मुंबईत दोनदा चक्कर आली होती. त्यांनी कोणाला सांगितलेही नव्हते. पुढे मुलीने आठवडा वाटून घेतला. सूनबाईंनी घर, गुरे, पोरांची शाळा सगळे एकटीने ओढले. तिचे नाव कोणी घेत नाही, म्हणून आम्ही इथे लिहितो. तिने पोरांची शाळा एक दिवस बुडू दिली नाही.

तिसावा चौकोन दादांनी स्वतः खोडला.

घरी आल्यावर

उपचार संपला म्हणजे माणूस दुसऱ्या दिवशी नांगर धरील, असे नाही. शेवटचा शेक झाल्यावर आणखी दोन आठवडे तोंडाचा त्रास तसाच होता. मग कमी होऊ लागला. नळी निघाली. चव यायला चार महिने लागले. तोंड आजही कोरडे पडते. दादा पाण्याची बाटली जवळ ठेवतात. जबडा आखडू नये म्हणून लाकडी चपट्या पट्ट्या दातांत धरून तोंड उघडायचा व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा करायचा असतो. तो त्यांना फार कंटाळवाणा वाटतो. नातू पट्ट्या मोजतो. काल अकरा गेल्या, आज बारा घाला म्हणतो. नातवापुढे दादांचे काही चालत नाही.

चेहरा एका बाजूने ओढलेला दिसतो. पहिले तीन-चार महिने दादा पारावर येत नव्हते. बोलणे बोबडे येते, लोक पुन्हा पुन्हा "काय?" विचारतात, म्हणून बोलायचेच टाळत. आम्ही काही जणांनी त्यांच्याच ओट्यावर बसायला सुरुवात केली. आता येतात पारावर.

तपासणीला मात्र जावेच लागते. रोग उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून पहिली दोन वर्षे तारखा जवळजवळ असतात, पुढे लांबतात. पाच वर्षे नीट गेली की डॉक्टर निर्धास्त होतात. दादांना दोन वर्षे झाली. एकही तारीख चुकवली नाही.

चंची दादांनी आपरेशनच्या आदल्या दिवशी टाकली. पण घरात तंबाखू होतीच. आई मशेरी लावत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. पुष्कळ बायकांना हे ठाऊक नसते. त्यांनी ती सोडली. पहिले पंधरा दिवस डोके दुखले, शौचाला होईना, चिडचिड झाली. मग सुटली. थोरला गुटखा खातो. महाराष्ट्रात गुटख्याच्या विक्रीला २०१२ साली बंदी झाली, तरी त्याला कुठून मिळतो ते तोच जाणे. बापाचे हाल डोळ्यांनी पाहिले, तरी सुटलेला नाही. कमी केला म्हणतो.

तोंडातला रोग आरशात दिसतो. आरसा घेऊन उजेडात बसावे. गाल, जीभ, जिभेखाली, हिरड्या बघाव्यात. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा फोड, मानेत गाठ, यांतले काही दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला ते दुखतच नाही. आणखी एक खूण आहे. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का पाहावे.

गेल्या आठवड्यात दादांनी घरातल्या सगळ्यांना ओळीने बसवून बोटे घालायला लावली. थोरल्याची दोनच गेली. सोमवारी त्याला तालुक्याला दाखवायचे ठरले आहे. सोबत दादा जाणार आहेत.